मान कुणाचा? गावातले वंशपरंपरागत पदांचे आणि मानपानाचे वाद मिटवायचे कसे

पालखी वेशीत येऊन थांबली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. पुढचा उजवा खांदा थोरल्या पातीचा, म्हणजे भावकीच्या थोरल्या शाखेचा, की धाकट्या पातीचा, यावर दोन्ही घरं हटून बसली. गुरवाच्या हातातल्या दिवटीत तिसऱ्यांदा तेल घातलं गेलं, हलगीवाले कट्ट्यावर टेकले आणि देव दोन तास वेशीत. शेवटी पोलिसांनी दोन्ही घरांना बाजूला करून चार तिऱ्हाईत पोरांच्या खांद्यावर पालखी देवळात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक घर माझ्याकडे आलं, दुपारी दुसरंही आलं. दोघांच्याही काखेत फाइल. मी तालुक्याला वकिली करतो, असल्या फाइली पुष्कळ पाहिल्यात. दोन्हींत सनदेच्या झेरॉक्स होत्या, वंशावळ होती, जुने सातबारे होते. पण गेल्या वीस वर्षांत खांदा कोणत्या साली कुणी दिला, याची एकही नोंद कुणाकडे नव्हती.

पोळ्याचा पहिला बैल, होळीची पहिली मोळी, यात्रेचा विडा, पुजाऱ्याची पाळी, देवस्थानचं विश्वस्तपद: प्रकार वेगळे असले तरी भांडणाचं मूळ बहुधा एकच असतं. वेगवेगळ्या तीन-चार गोष्टी लोक 'मान' या एका शब्दात कोंबतात आणि मग सगळ्यांसाठी एकदमच भांडतात. यात्रा कमिटीतला माणूस, भावकीतला जाणता, नव्याने नेमलेला विश्वस्त किंवा 'मुलींना पूजेची पाळी नसते' असं जिला ऐकवलं गेलं ती मुलगी, यांपैकी तुम्ही कुणीही असाल, तरी सुरुवात इथूनच करायची.

पायरी १ : गाठोडं सोडा

कागद घ्या, चार रकाने पाडा: मान, सेवा, उत्पन्न, कारभार.

मान म्हणजे नुसता अग्रक्रम. पहिला नारळ, पहिला विडा, पालखीचा पुढचा खांदा. सेवा म्हणजे करायचं काम: पूजा, दिवाबत्ती, चौघडा, झाडलोट. उत्पन्न म्हणजे त्या कामाबद्दल मिळणारं काही: ताटातली दक्षिणा, ओटीचं धान्य, इनाम जमिनीचं पीक. कारभार म्हणजे विश्वस्तपद: बँकेत सही कुणाची, हिशेब कोण ठेवणार, दानपेटी कोण उघडणार.

हे वेगळं करायचं कारण असं, की कायदा चौघांना चार वेगळ्या नजरांनी बघतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ म्हणतं, की पदाच्या हक्काचा वाद हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, मग त्याचा निकाल धार्मिक विधींच्या प्रश्नावर अवलंबून का असेना. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली: त्या पदाला काही मेहनताना आहे की नाही, ते पद एखाद्या ठिकाणाशी जोडलेलं आहे की नाही, याने फरक पडत नाही. पण नुसत्या मानाचं तसं नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने रामानुज जीयर यांच्या प्रकरणात सांगितलं, की निव्वळ धार्मिक सन्मानासाठी दिवाणी दावा चालत नाही. तो सन्मान एखाद्या पदाचा भाग किंवा त्या पदाचा मोबदला असेल तरच चालतो.

थोडक्यात, 'आम्हाला पहिला विडा मिळत नाही' म्हणून कोर्टात गेलात तर बहुधा दारातूनच परत याल. 'आम्ही वंशपरंपरेने या देवाचे चौघडेवाले आहोत, आणि विडा हा त्या सेवेचा मोबदला आहे' हे वेगळं प्रकरण. कित्येक वर्षांची भांडणं एवढा फरक न कळल्यामुळे चुकीच्या दारात उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

याच पायरीवर आणखी एक गैरसमज काढून टाकलेला बरा. 'आम्ही गावचे पाटील, म्हणून मान आमचा' असं म्हणणाऱ्याला सांगावं, की पाटीलकीचं वतन केव्हाच संपलं. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या, आणि महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमला जातो, त्यात वारसा नाही. आडनावातली पाटीलकी शाबूत आहे, पदाची नाही. तरीही वतन गेलं म्हणून देवळातली वहिवाट आपोआप जात नाही. ती स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

पायरी २ : रूढी आहे की नुसती सवय, ते तपासा

हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, दोन्हींत रूढीची व्याख्या जवळपास सारखी आहे: दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेलेली, निश्चित, अवाजवी नसलेली आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नसलेली. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपिली न्यायालयाने, १८६८ साली मदुरेच्या प्रकरणात सांगितलं होतं, की वहिवाटीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो शास्त्रवचनालाही भारी पडतो. हे वाक्य सगळ्यांना आवडतं. पण १८७२ साली त्याच कौन्सिलने घातलेली अट सोयीस्करपणे विसरली जाते: रूढी प्राचीन आणि अखंड असली पाहिजे, आणि ती स्पष्ट, निःसंदिग्ध पुराव्याने शाबीत झाली पाहिजे. जो रूढी सांगतो, त्यानेच ती सिद्ध करायची.

गावच्या भाषेत सांगायचं तर 'आजोबापासून चालत आलंय' हे विधान झालं, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे दाखले. कोणत्या साली, कुणी, कुणासमोर, कुणी हरकत घेतली का, हरकतीचं पुढे काय झालं. हरकत घेऊनही वहिवाट चालू राहिली असा एक दाखला मिळाला, तर तो बिनहरकतीच्या दहा दाखल्यांपेक्षा वजनदार.

सर्वांत जास्त घोळ सुतकाने होतो. थोरल्या घरात यात्रेच्या आठवड्यात मयत झाली, म्हणून त्या वर्षी दिवटी धाकट्या घराने धरली. पुढच्या वर्षी थोरल्याचा मुलगा मुंबईला, रजा नाही. पुन्हा धाकट्या घराने धरली. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलंच नाही. पंधरा वर्षांनी धाकटं घर म्हणतं, 'आमची वहिवाट.' परवानगीने किंवा बदली म्हणून केलेलं काम कितीही वर्षं केलं तरी हक्क होत नाही, हे तत्त्व खरं. पण ती परवानगी होती हे पंधरा वर्षांनी सांगणार कोण? म्हणून बदली दिली त्या दिवशीच दोन ओळी लिहून घ्याव्यात: 'सुतकामुळे या वर्षापुरती सेवा अमुक यांनी केली, हक्क तमुक यांचा कायम.' भावकीत असं लिहून मागायला संकोच वाटतो. पुढे दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत, त्यापेक्षा तो संकोच परवडला.

पायरी ३ : दोघांकडून करीना घ्या

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या आणि जाणत्यांच्या सभेपुढे, आला की आधी दोन्ही बाजूंकडून राजीनामा घेत, म्हणजे 'सभा देईल तो निवाडा आम्हाला मान्य' असा लेख, आणि त्याला जामीन. मग दोघे आपापला करीना देत: घराण्याची हकिगत, वतन कसं आलं, कुणाकडून कुणाकडे गेलं. त्यावर तकरिरी, म्हणजे दोघांचे जबाब, मग साक्षी. निवाड्याचा महजर, म्हणजे सभेचा लेख, होई, त्यावर गोताच्या निशाण्या पडत: कुणब्याचा नांगर, सुताराची किंकरं. हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे आपला दावा खोटा होता अशी कबुली. साक्षीने भागलं नाही तर कढत तेलातून रवा काढायला लावायचे, तेवढं सोडून द्या. बाकीचा क्रम आजही उत्तम आहे.

तेव्हा दोन्ही बाजूंना सांगा: आपापली हकिगत लिहून आणा, बोलून नको. बोलताना माणूस समोरच्याकडे बघून बोलतो, लिहिताना कागदाकडे बघतो. करीन्यात चार गोष्टी हव्यात. वंशावळ, आणि तिच्यात थोरली-धाकटी पाती कुठे फुटली ती जागा. हक्काचं मूळ, म्हणजे सनद, गावाची नेमणूक की नुसती वहिवाट. गेल्या तीस-चाळीस वर्षांचे माहीत असलेले दाखले. आणि चौथी सर्वांत मोलाची: समोरच्याचं काय काय मान्य आहे. या चौथ्या परिच्छेदात निम्मं भांडण विरघळतं. वर सांगितलेल्या पालखीच्या वादात धाकट्या पातीने लिहून दिलं, की सनद थोरल्याच्या नावची हे आम्हाला मान्य आहे. थोरल्यांनी लिहिलं, की आमचे आजोबा पायाने अधू झाल्यावर खांदा धाकट्यांनीच दिला. दोघांनी हे एकमेकांच्या तोंडावर कधीच म्हटलं नसतं.

आता कागदांकडे. पहिला कागद धर्मादाय कार्यालयातला. देवस्थान महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेलं असेल, तर परिशिष्ट एकचा उतारा काढा. वकील लोक त्याला 'शेड्यूल वन' म्हणतात. त्यात एक रकाना विश्वस्तपद पुढे कसं जातं याचा असतो, कारण नोंदणीच्या वेळी कलम १९ च्या चौकशीत उत्तराधिकाराची पद्धत ठरवावीच लागते. तिथे 'वंशपरंपरागत' लिहिलंय, 'गावकऱ्यांच्या सभेतून' लिहिलंय, की रकाना कोराच आहे, यावर कारभाराच्या वादाचं निम्मं भवितव्य ठरतं. मूळ नोंदणीच्या वेळचा अर्ज आणि जबाबही मागा. १९५२-५३ साली पणजोबांनी स्वतःच्या सहीने काय सांगितलं, हे बघून नातवंडं पुष्कळदा गप्प होतात.

दुसरा कागद जमिनीचा. देवस्थान इनाम वर्ग ३ ची जमीन असेल तर सातबारा, जुने फेरफार, इनामपत्रक. पुजाऱ्याचं नाव वहिवाटदार म्हणून असणं वेगळं आणि मालक म्हणून असणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की देवाच्या जमिनीचा मालक देव. पुजारी हा फक्त व्यवस्था बघणारा, मालकीच्या रकान्यात त्याचं नाव नको. त्यामुळे 'जमीन आमच्या नावावर, म्हणून पूजा आमची' हा युक्तिवाद उलटा आहे. पूजा करता म्हणून जमीन कसता.

तिसरा कागद मोडीतला. घरच्या पेटीत नसेल तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधता येतो. तिथे पेशवे दप्तर आहे, आणि इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या चौकशीचे कागदही पुष्कळ उपयोगी पडतात. मोडी वाचून घ्यायचं तर दोन वेगळ्या जाणकारांकडून, एकमेकांना न दाखवता. एका गावात तीन पिढ्या 'सनदेत पहिल्या मानाचा उल्लेख आहे' असं सांगत होत्या. सनद वाचली तर त्यात नंदादीपाच्या तेलवातीसाठी जमीन दिल्याचा मजकूर, मानाचा म शब्द नाही. म्हणजे त्या घराकडे सेवा होती, मान नव्हता. आणि सेवा तर त्यांनी १९८० च्या आसपासच सोडली होती.

चौथा पुरावा म्हातारी माणसं. इथे घाई करा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २६ प्रमाणे मृत व्यक्तीने सार्वजनिक हक्काबद्दल किंवा रूढीबद्दल सांगितलेलं पुराव्यात घेता येतं, पण ते वाद सुरू होण्यापूर्वी सांगितलेलं असावं लागतं. वाद पेटल्यावर घेतलेल्या जबानीचं हे वजन राहत नाही. हयात जाणत्यांचं मत कलम ४२ आणि ४३ खाली देता येतं, वहिवाटीचे प्रत्यक्ष दाखले कलम ११ खाली, आणि तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा धरण्याचं कलम ९२ चं गृहीतक त्याच्या बाजूने असतं. गावात भांडण नसेल तेव्हाच ऐंशीच्या वरच्या चार जणांना बसवून विचारा, मोबाइलवर चित्रण करा, आणि तेच लिहून सही-अंगठा घ्या. साक्षीदार दोन्ही पात्यांबाहेरचे असू द्या. जुन्या यात्रेच्या पत्रिका, लग्नाच्या अल्बममध्ये चुकून आलेला पालखीचा फोटो, वर्गणीच्या वह्या, हेही गोळा करा. एकदा तर किराणा दुकानाची उधारीची वही कामाला आली: दर वर्षी यात्रेचं तेल कुणाच्या खात्यावर गेलं ते त्यात होतं.

पायरी ४ : बैठक बसवा, पण पंचायत भरवू नका

यात्रेच्या महिन्यात बैठक घेऊ नये. त्या महिन्यात फक्त तात्पुरती सोय करायची, आणि तीही लिहून: 'या वर्षीची व्यवस्था दोन्ही बाजूंचे हक्क राखून केली आहे, ती पुढे कुणाच्या हक्काचा दाखला म्हणून दाखवता येणार नाही.' एवढं एक वाक्य लिहिलं, की माणसं एका वर्षापुरती सहज मागे सरतात. ते नसेल तर सरत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

बैठकीला पाच माणसं पुरे. त्यांतला कुणीही स्वतः मानकरी नको, दोन्हीकडचा व्याही नको, आणि येत्या निवडणुकीतला उमेदवार तर मुळीच नको. एखादी शिक्षिका, निवृत्त तलाठी, शेजारगावचा पुजारी असे लोक चालतात. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या आहेत, त्यांच्या वतीनेही बसता येतं; पण हक्क ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. त्या फक्त समेट घडवू शकतात. दोन्ही बाजूंनी 'आम्ही स्वखुशीने बसत आहोत' असं लिहून द्यायचं. इथेही राजीनामाच, पण आपल्या काळातला: निवाडा मान्य नसेल तर कोर्टाची वाट मोकळी आहे, हे त्यात नमूद हवं.

दंड नाही, वाळीत टाकणं नाही, 'तुमच्याकडे लग्नाला येणार नाही' नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बहिष्काराचा ठराव करायला जमलेली मंडळीही त्यात अडकतात. रूढीचं नाव घेऊन हे करता येत नाही. राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदात 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे, त्यामुळे मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी तिथेच थांबते.

बैठकीत आधी उत्पन्नाचा रकाना घ्या, मग सेवेचा, मग कारभाराचा, आणि मान सगळ्यांत शेवटी. लोक उलट करतात. मानापासून सुरू केलं की आवाज चढतात आणि बाकीचं राहून जातं. पैशाचं आधी मिटलं, की मानाबद्दल माणसं पुष्कळ उदार होतात.

पायरी ५ : पाळीचं गणित नीट मांडा

बहुतेक वाद शेवटी पाळीवर येतात, आणि पाळ्या पुढच्या भांडणाचं बी पेरून ठरवल्या जातात. समजा थोरल्या पातीचा आठ आणे हिस्सा, धाकट्या पातीत दोन भाऊ, प्रत्येकी चार आणे. म्हणजे चार वर्षांचं चक्र: दोन वर्षं थोरली पाती, एकेक वर्ष दोन्ही भाऊ. इथवर सोपं. आता थोरल्यांची दोन वर्षं सलग, की एकाआड एक? वर्ष गुढीपाडव्याला बदलणार, की यात्रेच्या दुसऱ्या दिवशी? एका भावाला मूल नसेल तर त्याची पाळी सख्ख्या भावाकडे, की पुन्हा सगळ्यांत वाटून? दत्तक घेतला तर? हे आजच विचारायचं.

महिन्यांच्या पाळ्या असतील तर अधिक मास विसरू नका. दोन-तीन वर्षांनी तेरावा महिना येतोच, आणि त्यात देवळात गर्दी जास्त, म्हणजे ताटही जड. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा एका देवळात पाळीदार म्हणाला, 'श्रावण माझा, म्हणजे दोन्ही श्रावण माझेच.' दुसरा म्हणाला, 'अधिक मास कुणाचाच नसतो.' पंचांगाचं बरोबर होतं, कराराचं चुकलं होतं. तिथे शेवटी ठरलं ते असं: अधिक महिन्याची सेवा ज्याचा निज महिना त्याने करायची, उत्पन्न मात्र हिश्श्याप्रमाणे वाटायचं.

पाळी सगळीकडे लागू पडत नाही. पालखीला दोन पुढचे खांदे आहेत, तिथे वाटणी सोपी. पहिला नारळ एकच असतो. तिथे विधींची अदलाबदल करता येते: नारळ एका घराचा, धज दुसऱ्याचा. चिठ्ठी टाकणं मला फारसं पटत नाही. देवासमोर कौल लावल्यासारखं वाटतं खरं, पण हरलेला घरी जाऊन चिठ्ठ्या कुणी लिहिल्या ते विचारतो.

मुलींचा प्रश्न बाजूला सारू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अंगुरबाला मल्लिक प्रकरणात सेवाईतपद, म्हणजे देवाची सेवा आणि व्यवस्था बघणाऱ्याचं पद, हे पद तर आहेच, शिवाय मालमत्ताही आहे असं मानून विधवेचा वारसा मान्य केला. १९५५ साली राजकली कुंवर प्रकरणात म्हटलं, की स्त्री आहे एवढ्याच कारणाने वंशपरंपरागत पुजारीपदाचा वारसा नाकारता येत नाही. प्रत्यक्ष विधी ती योग्य माणसाकडून करून घेऊ शकते. म्हणून 'मुलींना पाळी नाही' म्हणणाऱ्याने तशी निश्चित, अखंड रूढी आपल्याच देवळात आहे हे दाखवायला हवं. नुसतं 'कधी दिली नाही' पुरत नाही, कारण कधी कुणी मागितलीच नसेल. तडजोडपत्रात 'पुरुष वारस' असा शब्द लिहिण्याआधी घरातल्या बहिणींना बैठकीला बोलवा. त्यांना वगळून केलेली तडजोड पाच वर्षांत मोडते.

पायरी ६ : कागद पक्का करा

तडजोडपत्रात पहिल्या पायरीचे चारही रकाने वेगळे उतरवा. कोण, काय, केव्हापासून, बदली कुणी द्यायची, सुतक-आजारपणात काय, वाद झाला तर पुन्हा कुणापुढे बसायचं. जमिनीत नवा हक्क निर्माण होत असेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. आधी तोंडी ठरलेल्या कौटुंबिक व्यवस्थेची नुसती याद लिहिली असेल तर नोंदणीची गरज नाही, हे १९७६ पासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे. दोन्हींत फरक फक्त मजकुराचा असतो, तेव्हा मसुदा जाणकाराला दाखवा.

आणि हे ध्यानात असू द्या, की भावकीतल्या तडजोडीने देवस्थान बांधलं जात नाही. विश्वस्त मंडळाचा ठराव हवा. विश्वस्त बदलत असेल तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. तो मंजूर होईपर्यंत फलकावर नाव रंगवण्याची घाई नको. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोड दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली नोंदवायची. दावा सगळ्या गावाच्या वतीने असेल तर त्यासाठी नियम ३-ब खाली कोर्टाची परवानगी लागते. लोकअदालतीत मिटवलं तर निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ येतं, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

पायरी ७ : मिटलं नाही तर कोणतं दार

कारभाराचा वाद असेल, म्हणजे विश्वस्त कोण, हिशेब कुठे, तर धर्मादाय कार्यालय. व्यवस्थापनाबद्दल निर्देशांसाठी विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१-अ, मालमत्ता धोक्यात असेल तर ४१-ई, कारभाराची घडीच बसलेली नसेल तर ५०-अ खाली योजना. जे त्या अधिकाऱ्यांनी ठरवायचं आहे, त्यात कलम ८० मुळे दिवाणी कोर्ट हात घालत नाही.

वंशपरंपरागत सेवेच्या हक्काचा वाद असेल तर दिवाणी न्यायालय. मुदत कायद्याचा अनुच्छेद १०७ इथे लागतो: समोरच्याने तुमच्या विरोधात पद ताब्यात घेतल्यापासून १२ वर्षं. पदाला मिळकत असेल तर ती मिळकत घेणं, नसेल तर सेवा करणं, म्हणजेच पदाचा ताबा. 'पुढच्या यात्रेला बघू' असं बारा यात्रा म्हणत बसलात, की हक्क असूनही हातात काही राहत नाही.

पोलीस आणि तहसीलदार हक्क ठरवत नाहीत, शांतता राखतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र घेतील, कलम १६३ खाली मनाई करतील. 'साहेबांनी गेल्या वर्षी आम्हाला खांदा द्यायला लावला' हा पुढे हक्काचा दाखला होत नाही.

फार ताणलं तर दोन्ही घरं हरतात, याचं उदाहरण पंढरपुरात आहे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातल्या बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ ने रद्द केले, त्यावर चाळीस वर्षं कज्जे चालले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा फेटाळला. त्याआधी १९७२ सालीच शेषम्माळ प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं, की पुजाऱ्याची नेमणूक ही लौकिक बाब आहे, आणि वंशपरंपरेने नेमणूक करण्याची पद्धत राज्य कायद्याने बंद करू शकतं.

अनुसूचित क्षेत्रातल्या वाचकांसाठी वेगळं दोन शब्द. गडचिरोलीतल्या गायत्याची किंवा भूमियाची, म्हणजे आदिवासी गावाच्या पारंपरिक प्रमुख-पुजाऱ्याची, जागा ही देवळातल्या पाळीसारखी नाही. तिथे रूढी हाच मूळ कायदा आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याचं कलम ४(ड) ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि वाद मिटवण्याची रूढ पद्धत जपायला सक्षम मानतं, आणि ती ग्रामसभा पाड्याची, टोल्याचीही असू शकते. हिंदू उत्तराधिकार कायदा कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना लागू नाही. पण म्हणून 'आमच्यात बायकांना नाही' हे आपोआप सिद्ध होत नाही: २०२५ साली एका आदिवासी कुटुंबाच्या जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वगळणारी रूढी गृहीत धरता येत नाही. तिथे गायत्याचा वाद असेल तर आधी ग्रामसभेचं इतिवृत्त नीट लिहिलं जातंय ना ते बघा. वकील मागाहून.

त्या पालखीचं पुढे असं झालं. तीन बैठका लागल्या, दुसरी मोडली. ठरलं ते असं: वेशीपर्यंत पुढचा उजवा खांदा धाकट्यांचा, वेशीपासून देवळापर्यंत थोरल्यांचा, सुतक असेल तर तिकडच्याच पातीतलं दुसरं घर, तेही नसेल तर गुरव ज्याला सांगेल तो, 'हक्क राखून'. विश्वस्तांनी शंभर पानी पक्क्या बांधणीची वही आणली. पहिल्या यात्रेच्या रात्रीच नोंद झाली, पालखी देवळात टेकल्यावर, गुलालाच्या बोटांनी. पहिल्या पानावर दोन्ही पात्यांच्या सह्यांभोवती ते गुलाबी ठसे अजून आहेत.